क्रेडिट कार्डाचं बॅलन्स ट्रान्सफर: दर दीड टक्का, खर्च अडीच

विदर्भात 'बीटी' म्हटलं की कापूस आठवतो. बँकेच्या कॉल सेंटरमध्ये बीटी म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर: एका बँकेच्या कार्डावरची थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर, कमी दराने. सरळ भाषेत, याची टोपी त्याला. कर्ज एका रुपयानेही कमी होत नाही. दर तेवढा उतरतो, आणि तोही ठरलेल्या महिन्यांपुरता. ही सेवा कामाची आहे का? तीन ते नऊ महिन्यांत फेड होणार असेल तर नक्की आहे. महिन्याभरात पैसे येणार असतील तर खटाटोप फुकट जातो, आणि वर्षाच्या पुढे जायचं असेल तर याहून स्वस्त वाटा आहेत. हे सगळं आकड्यांनी पाहू, कारण फोनवर सांगितला जाणारा आकडा आणि खिशातून जाणारा आकडा यांची गाठ क्वचितच पडते.

आधी जुन्या कार्डाचं मीटर. भारतात थकीत रकमेवर मोठ्या बँकांचा दर आज बहुतेक महिना ३.५ ते ३.७५ टक्क्यांच्या आसपास आहे. ३.७५ म्हणजे वर्षाला ४५ टक्के. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्ष भार ५३ टक्क्यांच्या वर. एक लाख रुपये थकीत असतील तर व्याज आणि कर मिळून रोजचे सुमारे १४५ रुपये. रविवारी आणि दिवाळीतसुद्धा. या दराला आता वरची मर्यादाही नाही: राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची वेसण घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केली.

मिनिमम ड्यू, म्हणजे दर महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम, ५ टक्के धरला तर लाखावर ५,००० रुपये भरायचे. त्यातले ४,४२५ व्याज-करात जातात आणि मुद्दल उतरतं फक्त ५७५ रुपयांनी. बिलावर बारीक अक्षरात छापलेली 'फक्त किमान रक्कम भरल्यास फेड अनेक महिने-वर्षे लांबेल' ही सूचना रिझर्व्ह बँकेने सक्तीची केली आहे. ती वाचून हा हिशेब कुणी केला, तर बीटीचा फोन येण्याआधीच तो चौकशी करेल.

खरा खर्च

आता बीटी. उदाहरण म्हणून एक लाख, सहा महिन्यांचे हप्ते, महिना १.५ टक्के घटत्या शिल्लकीवर (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच), प्रोसेसिंग फी २ टक्के. हप्ता बसतो १७,५५३ रुपये. सहा महिन्यांचं व्याज ५,३१५, त्यावरचा जीएसटी ९५७, फी आणि फीवरचा जीएसटी मिळून २,३६०. एकूण खर्च ८,६३२ रुपये. हेच लाख रुपये जुन्या कार्डावर ठेवून सहा समान हप्त्यांत फेडले असते तर व्याज १३,५२७ आणि कर २,४३५, म्हणजे जवळपास १६,००० गेले असते. सात हजारांच्या वर वाचतात. चांगली रक्कम आहे.

पण फी आणि कर धरून पाहिलं तर 'दीड टक्क्याचा' खरा भाव महिना २.४४ टक्के पडतो, वर्षाला २९ च्या पुढे. जुन्याच्या मानाने स्वस्त, एरवी महागच.

तीन महिन्यांत फेडायचं असेल तर याच दराने खर्च ५,९१८, जुन्या कार्डावर ८,९५९. वाचतात तीन हजार. आणि महिन्याभरात बोनस येणार आहे, सगळं एकरकमी भरणार आहात? मग बीटीचा खर्च ४,१३० आणि जुन्या कार्डाचा ४,४२५. तीनशे रुपयांसाठी दोन बँकांचे फोन आणि ओटीपी करण्यात अर्थ नाही. फी सुरुवातीलाच पूर्ण कापली जाते, त्यामुळे मुदत जितकी आखूड तितकी ती दरावर जड.

छोट्या रकमेचंही तसंच. किमान फी १९९ रुपये असेल आणि ५,००० रुपयेच हलवायचे असतील, तर करासह २३५ रुपये फी म्हणजे पावणेपाच टक्के आधीच गेले. दहा-पंधरा हजारांखालच्या थकबाकीसाठी बीटीच्या वाटेला जाऊ नये.

फोनवर 'फक्त पॉइंट नाइन नाइन' ऐकू आलं तर पहिला प्रश्न: घटत्या शिल्लकीवर की फ्लॅट? एक लाख, बारा महिने, ०.९९ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ११,८८०, हप्ता ९,३२३. मुद्दल दर महिन्याला कमी होत असूनही व्याज पूर्ण लाखावरच मोजलं जातं. घटत्या शिल्लकीच्या भाषेत हा दर महिना १.७७ टक्के होतो. म्हणजे 'पॉइंट नाइन नाइन' हा दीड टक्क्यापेक्षा महाग निघाला. समोरच्याला फ्लॅट-रिड्यूसिंगचा फरक सांगता येत नसेल तर एकच विचारा: 'हप्ता किती आणि किती महिने?' गुणाकार करा, मुद्दल वजा करा, उरेल ते व्याज. त्यात १८ टक्के कर आणि फी मिळवा. याला कुठलंही ॲप लागत नाही.

'साठ दिवस शून्य टक्के' या जातीची योजना यातली सगळ्यात स्वस्त. व्याज नाही, फक्त २ टक्के फी आणि कर: लाखावर २,३६०. जुन्या कार्डावर दोन महिन्यांत ८,८५० च्या आसपास गेले असते. मेख एकच. साठ दिवस संपताना पूर्ण रक्कम एकरकमी तयार हवी. नसेल तर उरलेल्या रकमेला त्या कार्डाचा नेहमीचा दर लागतो, म्हणजे फी भरून पुन्हा पहिल्याच पायरीवर. ठेव मुदत संपून हातात येणार आहे, भिशी लागणार आहे, अशा पक्क्या तारखेसाठीच ही घ्यावी.

करायचं कसं

स्टेट बँकेचं एसबीआय कार्ड, ॲक्सिस, कोटक, एचएसबीसी अशा अनेकांकडे ही सोय आहे. दर, मुदत आणि फी ग्राहकागणिक वेगळी दाखवली जाते. शेजाऱ्याला मिळालेला दर तुम्हाला मिळेलच असं नाही. ॲपमध्ये लॉगिन करून स्वतःला दिसणारी ऑफर हीच खरी. एकाच बँकेच्या दोन कार्डांमध्ये बीटी होत नाही, बँक वेगळी लागते.

रक्कम किती मिळेल हे मंजूर लिमिटवर नाही, शिल्लक लिमिटवर ठरतं, आणि तेही पूर्ण नाही. ७५ टक्क्यांचा नियम असेल तर दीड लाखाच्या कार्डावर तीस हजार आधीच वापरलेले असताना मिळतील ९०,०००. उरलेले दहा हजार जुन्याच कार्डावर राहतील आणि तिथला दर चालूच राहील, त्यांची सोय खिशातूनच करावी लागते.

नवं कार्ड काढून बीटी करायचा विचार असेल तर दोन गोष्टी धरा. अर्जामुळे सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेकडे, चौकशीची नोंद होते. आणि कार्ड मंजूर होऊन हातात येईपर्यंत दहा-पंधरा दिवस सहज जातात. १४५ रुपये रोज या भावाने दीड-दोन हजार तिथेच गेले. शिवाय नव्या कार्डाचं लिमिट किती येईल ते आधी कळत नाही. घरात आधीपासून पडून असलेलं दुसऱ्या बँकेचं कार्ड असेल तर तेच बरं.

अर्ज करताना जुन्या कार्डाचा पूर्ण क्रमांक, कार्डावरचं नाव, रक्कम आणि मुदत एवढंच लागतं. पैसे तुमच्या बचत खात्यात येत नाहीत. नवी बँक एनईएफटीने थेट जुन्या कार्डावर भरते. तिथे खाते क्रमांकाच्या जागी कार्डाचा क्रमांक असतो आणि कार्ड देणाऱ्या बँकेचा आयएफएससी कोड. एनईएफटीत रक्कम क्रमांकावर जमा होते, नाव जुळवून पाहिलं जात नाही. सोळापैकी एक आकडा चुकला की पैसे अडकतात आणि मीटर दोन्हीकडे फिरतं: नव्या कार्डावर हप्ता सुरू, जुन्यावर थकबाकी तशीच. म्हणून क्रमांक फोनवर तोंडी सांगण्यापेक्षा ॲपमध्ये स्वतः टाका, चार-चारचे गट करून ताडून पाहा. कार्ड हरवून नवं आलं असेल तर जुनाच क्रमांक डोक्यात असतो. चूक बहुतेक तिथे होते.

रक्कम टाकताना बिलावरच्या आकड्यापेक्षा जास्त टाकू नका. जास्तीचे पैसे जुन्या कार्डावर जमा म्हणून पडून राहतात आणि त्यांच्यावर नव्या बँकेला व्याज तुम्ही देत बसता.

पैसे पोचायला साधारण तीन ते पाच कामाचे दिवस धरा. ड्यू डेट त्याआधी येत असेल तर जुन्या कार्डाचा मिनिमम ड्यू स्वतः भरा. 'बीटीला टाकलंय' हे जुन्या बँकेसाठी कारण होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार थकबाकी तीन दिवसांच्या वर गेल्यावरच लेट फी लावता येते आणि सिबिलकडे कळवता येते. पण ती सवलत अपघातासाठी ठेवा, तिच्यावर बेत आखू नका. आठवडा झाला आणि जमा दिसत नाही, तर नव्या बँकेकडून यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, मागा. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षर-आकड्यांचा असतो. तो दिला की जुन्या बँकेला पैसे शोधता येतात. त्याशिवाय केलेली तक्रार दोन्ही बँकांच्या मध्ये टोलवली जाते.

बिल निघाल्यानंतर लगेच अर्ज करणं सोयीचं, कारण आकडा ताजा असतो. तरी पुढच्या बिलात शेपूट येतंच. समजा बिल ५ तारखेचं, पैसे पोचले १४ ला. मधल्या नऊ दिवसांचं व्याज-कर १,३०० रुपयांच्या आसपास पुढच्या बिलात लागेल. ही फसवणूक नाही, बिलाच्या तारखेपासून पैसे पोचेपर्यंतचं व्याज आहे. लोक 'ते कार्ड तर मिटलं' म्हणून ते बिल उघडत नाहीत, आणि तेराशेच्या बिलावर लेट फी चढते. तसंच ओटीटी, विम्याचा हप्ता, मोबाइल बिल यांची आपोआप वळती जुन्या कार्डावर राहिलेली असते. ती आधी हलवा. जुन्या कार्डाचं बिल बचत खात्यातून आपोआप भरायची सूचना दिली असेल तर तीही तपासा, नाहीतर एकच रक्कम दोनदा भरली जायची.

नव्या कार्डाचं पहिलं बिल हप्त्यापेक्षा मोठं येतं. वरच्या उदाहरणात हप्ता १७,५५३, पहिल्या महिन्याच्या १,५०० रुपये व्याजावर २७० कर, आणि फी २,३६०. एकूण २०,१८३. ज्याने साडेसतरा हजारांची तजवीज केली, तो पहिल्याच महिन्यात कमी भरतो. आणि एक हप्ता चुकला की बऱ्याच योजनांत सवलतीचा दर धोक्यात येतो. या उदाहरणात पहिल्या महिन्यासाठी वीस हजारांच्या थोडी वर रक्कम हाताशी ठेवा.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते बीटी आणलेल्या कार्डावर खरेदी केल्याने. भरलेले पैसे आधी कशात वळते होतात याचा क्रम बँक ठरवते आणि तो अटी-शर्तींच्या पत्रकात छापलेला असतो. बऱ्याचदा आधी कर आणि हप्ते, मग फी आणि व्याज, मग बीटीची रक्कम, मग खरेदी, आणि शेवटी एटीएममधून काढलेली रोकड. म्हणजे ८०,००० शून्य टक्क्याने आणले, त्यावर २०,००० चा टीव्ही घेतला आणि 'टीव्हीचे पैसे' म्हणून २०,००० भरले, तर ते पैसे बीटीत जाऊ शकतात. बिनव्याजी कर्ज आधी फिटतं आणि टीव्ही पावणेचार टक्क्यांवर धावत राहतो. मागची बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. दूध-भाजीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. बीटी फिटेपर्यंत ते कार्ड ॲपमधून लॉक करून ठेवणं हा साधा आणि खात्रीचा बंदोबस्त. ऑनलाइन, दुकान आणि टॅप असे तिन्ही व्यवहार बंद करता येतात.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींचा अनुभव वेगळा असतो, आणि तो ऐकून इथे अपेक्षा वाढतात. तिथे शून्य टक्क्याची मुदत १२ ते २१ महिने मिळते, फी ३ ते ५ टक्के एकदाच. शिवाय २००९ च्या क्रेडिट कार्ड कायद्याने किमान रकमेच्या वर भरलेले पैसे सर्वांत जास्त दराच्या बाकीत आधी वळते करावे लागतात. आपल्याकडे तशी सक्ती नाही. म्हणून तिकडचा सल्ला इकडे जसाच्या तसा लावू नये.

मुदतीआधी फेडल्यास उरलेल्या मुद्दलावर ३ टक्क्यांच्या आसपास आणि वर जीएसटी असं फोरक्लोजर शुल्क अनेक ठिकाणी आहे. सहा महिन्यांच्या योजनेत चौथ्या महिन्यात मिटवायला गेलात तर वाचणारं व्याज आणि शुल्क यांची तोंडमिळवणी होते. उगाच घाई नको.

जीएसटीचा एक मुद्दा फार कमी लोक धरतात. कार्डावरच्या व्याजाला १८ टक्के कर लागतो, बीटीच्या आणि ईएमआयच्या व्याजालाही. बँकेच्या वैयक्तिक कर्जाच्या व्याजाला मात्र लागत नाही, तिथे कर फक्त फीवर. त्यामुळे बारा महिन्यांचा हिशेब असा होतो: १.५ टक्के बीटी, व्याज १०,०१६, कर १,८०३, फी २,३६०, एकूण १४,१७९. तेच लाख रुपये १६ टक्के वार्षिक दराच्या वैयक्तिक कर्जाने, तितक्याच फीसह, ११,२३७. सिबिल बरा असेल आणि मुदत वर्षाची किंवा पुढची असेल तर कर्ज घेऊन कार्ड मिटवणं सरस.

नोकरदारांची पगारदार पतसंस्था असेल तर आधी तिथे विचारा. हप्ता पगारातून कापला जातो, चुकण्याचा प्रश्नच येत नाही. पीपीएफ खातं तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात असेल तर त्यावरचं कर्ज वर्षाला अवघ्या १ टक्का व्याजाने मिळतं, फक्त रक्कम मर्यादित असते. मुदत ठेवीवरचं ओव्हरड्राफ्ट, सोनेतारण, एलआयसी पॉलिसीवरचं कर्ज, हे सगळे बीटीच्या आधी पाहायचे. ठेव साडेसहा टक्क्यांची आणि कार्डाची बाकी पंचेचाळीस टक्क्यांची अशी जोडी अनेक घरांत शेजारी-शेजारी नांदत असते.

जुन्याच बँकेने थकबाकीचे किंवा मोठ्या खरेदीचे हप्ते करून दिले तर एनईएफटीची वाट पाहावी लागत नाही, शेपूटही लहान राहतं. दर बीटीइतका चांगला क्वचित असतो, पण विचारून घ्यावा. बीटीची ऑफर हातात असल्याचं सांगितलं की कधी कधी तो उतरतोही.

एक वाट मात्र पूर्ण टाळा. 'बिल भरून देतो, मग कार्ड घासून घेतो' असं म्हणणारे एजंट. दोन-तीन टक्के घेऊन ते दुकानाच्या मशीनवर खोटी खरेदी दाखवतात. कर्ज त्याच कार्डावर, त्याच दराने परत बसतं, दर महिन्याला नवं कमिशन, आणि बँकेच्या नियमांत हा कार्डाचा गैरवापर ठरतो. बीटीच्या नावाने येणाऱ्या फोनवर ओटीपी किंवा सीव्हीव्ही सांगू नका. खरी ऑफर ॲपमध्येही दिसते.

जुनं कार्ड बंद करायचं का? बंद केलं की एकूण लिमिट घटतं, वापराचं प्रमाण चढतं आणि सिबिलला थोडा धक्का बसतो. फी नसलेलं कार्ड लॉक करून ठेवायला हरकत नाही. वार्षिक फी असेल किंवा हात आवरत नसेल, तर शेवटचं शेपूट भरून बंद करायची लेखी विनंती द्या. बाकी शून्य असताना सात कामाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद करायलाच हवं. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. विनंतीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा, दंड मागायला तेवढंच लागतं.